कशाकडे पाहून माणूस रंगवायचा? : आयर्लंडच्या आकृतिप्रधान कलेचा आढावा

प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड मिळून संपूर्ण आयर्लंड बेटाची लोकसंख्या सत्तर लाखांच्या आसपास आहे. बृहन्मुंबईत याहून जास्त माणसे राहतात. एवढ्याशा बेटाने माणूस रंगवणारे आणि गोष्ट चितारणारे जे कलावंत दिले, त्यांची यादी मात्र थक्क करणारी आहे. फ्रान्सिस बेकन डब्लिनमध्ये जन्मला. हॅरी क्लार्कने केलेली पुस्तकांची सजावट शंभर वर्षांनंतरही पुन्हा पुन्हा छापली जाते. बेलफास्टमध्ये वाढलेल्या ऑलिव्हर जेफर्सची चित्रपुस्तके जगभरच्या मुलांच्या हातांत आहेत. किलकेनी या लहान शहरातला एक स्टुडिओ हाताने रेखलेल्या चित्रांच्या बळावर ऑस्करच्या नामांकनांत वारंवार पोचतो.

चित्रकलेच्या विद्यार्थ्याला आज प्रेरणेसाठी ही सगळी नावे सहज सापडतात. ती सापडतात पडद्यावर, एकामागून एक सरकणाऱ्या तयार चित्रांच्या रूपात. तयार चित्रावरून शैली उचलता येते. ज्या वाटेने ती शैली चित्रकाराला सापडली, ती वाट त्या चित्रात दिसत नाही. म्हणून हा आढावा एकाच प्रश्नाच्या आधाराने घेतला आहे. हे चित्रकार स्वतः कशाकडे पाहत होते? हा प्रश्न घेऊन आयर्लंडची गेली शंभर वर्षे चाळली, की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. ज्यांचे काम टिकले, ते आपल्या काळातल्या लोकप्रिय चित्रांशी थांबले नाहीत. कोणी मध्ययुगीन काचेपर्यंत गेले, कोणी फाटक्या छायाचित्रांपर्यंत, तर कोणी मूल गमावलेल्या आईच्या दारापर्यंत.

पान आणि काच

सुरुवात हॅरी क्लार्कपासून (१८८९–१९३१) करावी लागते, कारण आयरिश कथाचित्रांचा आजचा कोणताही धागा त्याच्याशी जाऊन मिळतो. वडिलांचा चर्चच्या सजावटीचा व्यवसाय होता, त्यामुळे रंगीत काचेचे काम त्याने लहानपणापासून जवळून पाहिले. १९१४ मध्ये तो फ्रान्सला गेला आणि तिथे शार्त्रच्या कॅथीड्रलमधल्या मध्ययुगीन खिडक्या त्याने डोळे भरून पाहिल्या. त्यानंतरच्या दहा वर्षांत त्याने अँडरसनच्या परीकथा (१९१६) आणि एडगर अॅलन पोच्या कथा (१९१९) चित्रित केल्या आणि त्याच काळात कॉर्कच्या होनन चॅपलसाठी खिडक्याही घडवल्या. खिडकीत काचेचे तुकडे शिशाच्या काळ्या पट्ट्यांनी जोडलेले असतात, आणि पुस्तकात तीच काळी रेषा शाईची होऊन येते. पोच्या कथांमधल्या त्याच्या आकृती काळ्या पार्श्वभूमीतून ज्या तऱ्हेने उजळून वर येतात, त्यामागे काचेतून प्रकाश येताना पाहिलेला डोळा आहे. डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीत कीट्सच्या कवितेवरची त्याची १९२४ ची खिडकी आहे. एखादे कथाचित्र केवढ्या उंचीला पोचू शकते, ते तिथे समजते.

त्याच्या अखेरच्या मोठ्या खिडक्यांपैकी एक आयरिश सरकारने जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी करून घेतली. तिच्यात पंधरा आयरिश लेखकांच्या साहित्यातले प्रसंग होते. १९३० मध्ये ती पूर्ण झाली, पण तिच्यातल्या काही आकृती सरकारला रुचल्या नाहीत आणि ती जिनिव्हाला गेलीच नाही. आज ती अमेरिकेत मायामी बीचच्या वुल्फसोनियन संग्रहालयात आहे. पुस्तकातला माणूस जसा आहे तसा दाखवण्याची किंमत चित्रकाराने मोजल्याचे हे उदाहरण आजच्या सजावटकारांनीही लक्षात ठेवावे असे आहे.

जॅक येट्स (१८७१–१९५७) हा कवी येट्सचा धाकटा भाऊ. आज त्याची तैलचित्रे डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनाचे वैभव मानली जातात, पण त्याचा हात घडला तो नियतकालिकांसाठी रेखाटने करताना. घोड्यांच्या शर्यती, जत्रा, सर्कस, बंदरावरची माणसे हे सारे तो खिशातल्या छोट्या वह्यांत टिपत राही. नाटककार सिंगच्या अॅरन बेटांवरील पुस्तकाला (१९०७) त्याचीच चित्रे आहेत. लिफी नदीतल्या पोहण्याच्या शर्यतीवरच्या त्याच्या चित्राला १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कलास्पर्धेत रौप्यपदक मिळाले. त्या चित्रात प्रेक्षक आपल्या अगदी पुढ्यात दाटीवाटीने उभे आहेत, जणू आपणही काठावरच्या गर्दीत आहोत. असा कोन सुचतो तो गर्दीत उभे राहून रेखाटने करणाऱ्यालाच.

लुई ल ब्रोकी (१९१६–२०१२) यांच्याकडे पुस्तक आणि कॅनव्हास यांतली भिंत पुरती कोसळते. त्यांचे 'अ फॅमिली' हे १९५१ चे चित्र डब्लिनच्या महापालिका संग्रहालयाला देऊ केले गेले, तेव्हा ते नाकारले गेले. पुढे १९५६ मध्ये व्हेनिस बिएनालेत त्याला पारितोषिक मिळाले आणि २००२ मध्ये ते राष्ट्रीय कलादालनात आले. १९६४ मध्ये पॅरिसच्या मानववंश संग्रहालयात त्यांनी पॉलिनेशियातली, पूर्वजांच्या कवट्यांवर घडवलेली मस्तके पाहिली. पाठोपाठ दक्षिण फ्रान्समधली प्राचीन केल्टिक शिल्पमस्तकेही पाहिली. तिथून पुढे अनेक वर्षे ते पांढऱ्या अवकाशातून उमलणारे चेहरे रंगवत राहिले: कवी येट्स, जॉइस, बेकेट. १९६९ मध्ये डॉल्मेन प्रेसने टॉमस किन्सेलाचे 'ताइन' या प्राचीन महाकाव्याचे भाषांतर प्रसिद्ध केले, त्यासाठी ल ब्रोकींनी शाईचे फराटे मारून सैन्ये, बैल आणि योद्धे उभे केले. एका फराट्यात एक माणूस, आणि शेकडो फराट्यांत अख्खे सैन्य. आयर्लंडमधल्या पुढच्या सजावटकारांना या पुस्तकाने दाखवून दिले, की प्रसंग जसाच्या तसा न काढताही गोष्टीशी इमान राखता येते.

माणूस मागे पडण्याचा काळ

विसाव्या शतकाच्या मध्यावर जगात इतरत्र जे झाले ते इथेही झाले. १९४३ मध्ये 'लिव्हिंग आर्ट' प्रदर्शनाने आधुनिकतेला दार उघडून दिले, आणि १९६७ च्या 'रॉस्क' या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाने डब्लिनकरांना जगातली नवी कला एकाच ठिकाणी दाखवली. त्या दिवसांत व्यक्तिचित्र काढणारा जुनाट समजला जाऊ लागला. तरीही मायकल केन, ब्रायन बर्क यांच्यासारख्या 'इंडिपेंडंट आर्टिस्ट्स' गटातल्या चित्रकारांनी माणूस सोडला नाही. रॉबर्ट बॅलाने पॉप आर्टच्या भाषेत स्वतःचे घर, स्वतःचे कुटुंब रंगवले. युरो येण्याआधीच्या शेवटच्या आयरिश नोटांवरचे चेहरेही त्याचेच आहेत. त्याने टपाल तिकिटेही केली आणि 'रिव्हरडान्स' या नृत्यप्रयोगाचे नेपथ्यही केले, आणि त्यामुळे त्याच्या चित्रकार असण्याला कुठेही उणेपणा आला नाही. आयर्लंडमध्ये आकृतिप्रधान चित्र या काळातून तगले ते पुस्तक, तिकीट, नोट, भिंत आणि रंगमंच यांच्या आधाराने, असे माझे ठाम मत आहे.

फाडलेली पाने आणि समोर बसलेला माणूस

डब्लिनमध्ये गेल्या पंचवीस वर्षांत माणूस रंगवण्याच्या दोन अगदी विरुद्ध पद्धती जवळून अभ्यासण्याची सोय झाली.

पहिली बेकनची. तो १९०९ मध्ये डब्लिनमध्ये जन्मला, पण आयुष्य लंडनमध्ये काढून १९९२ मध्ये वारला. १९९८ मध्ये त्याच्या वारसाने लंडनच्या रीस म्यूजमधला स्टुडिओ ह्यू लेन गॅलरीला दिला. पुरातत्त्वज्ञांनी उत्खननासारखी नोंद करत प्रत्येक वस्तूची जागा टिपली आणि भिंती, दारे, जमिनीवरच्या धुळीसकट सगळे डब्लिनला आणून २००१ मध्ये पुन्हा मांडले. सात हजारांहून जास्त वस्तू त्यात निघाल्या: छायाचित्रे, पुस्तकांतून फाडलेली पाने, सुरीने कापलेले कॅनव्हास. छायाचित्रकार मायब्रिजने टिपलेली चालत्या-धावत्या माणसांची छायाचित्रे आहेत, क्ष-किरण तपासणीसाठी रुग्णाला कसे झोपवावे हे शिकवणारे पाठ्यपुस्तक आहे, वेलास्केथने रंगवलेल्या पोपच्या छापील प्रती आहेत. बेकनला मॉडेल समोर बसवणे नकोसे वाटे. तो मित्रांची छायाचित्रे काढून घेई आणि ती चुरगळलेली, रंगाने माखलेली छायाचित्रे पाहून रंगवी. चित्रातला वितळता चेहरा कुठून आला, याचे उत्तर त्या खोलीच्या जमिनीवर पडलेले आहे. चित्रकाराच्या प्रेरणेचा इतका उघडा दस्तऐवज जगात फार थोड्या ठिकाणी असेल. क्ष-किरणांचे ते पुस्तक पाहताना मराठी वाचकाला सुधीर पटवर्धन आठवल्याशिवाय राहणार नाहीत. ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम करता करता त्यांनी कामगारांची शरीरे रंगवली. शरीराच्या आत पाहण्याची सवय या दोघांनाही उपयोगी पडली, आणि दोघे निघाले दोन वेगळ्या दिशांना.

दुसरी पद्धत ब्रिटिश चित्रकार ल्युशियन फ्रॉइडची. २०१६ पासून पाच वर्षे त्याची पन्नास कामे डब्लिनच्या आयरिश आधुनिक कला संग्रहालयात मुक्कामाला होती. फ्रॉइड छायाचित्रावरून काम करत नसे. समोर माणूस हवा, आणि तो महिनोन्महिने पुन्हा पुन्हा येऊन बसायला हवा. संग्रहालयाने ही चित्रे नुसती टांगून ठेवली नाहीत, तर आयरिश कलावंतांना त्यांना उत्तर द्यायला बोलावले. शिल्पकार डॅफ्नी राइट यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या प्रदर्शनाचा विषयच होता, दुसऱ्याला इतके निरखून पाहण्याची नैतिकता. कोणाला पाहायचे, किती वेळ, कोणत्या हक्काने, आणि ज्याला पाहिले त्याचे काय? आकृतिप्रधान कलेपुढचा आजचा खरा प्रश्न हाच आहे, आणि आयर्लंडच्या समकालीन चित्रकारांनी त्याला फार गंभीर उत्तरे दिली आहेत.

नाव असलेला चेहरा

बेलफास्टचे कॉलिन डेव्हिडसन (जन्म १९६८) आधी शहरातल्या काचांमधली प्रतिबिंबे रंगवत. २०१० च्या सुमारास त्यांनी एका संगीतकार मित्राचे मोठे मस्तकचित्र केले आणि तिथून चेहरा हाच त्यांचा विषय झाला. २०१५ मध्ये बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये त्यांचे 'सायलेंट टेस्टिमनी' प्रदर्शन लागले. उत्तर आयर्लंडच्या तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून जास्त माणसे गेली. १९९८ च्या शांतता करारानंतर बंदुका बऱ्याच अंशी थांबल्या. मागे राहिलेल्यांपैकी अठरा जणांना डेव्हिडसन यांनी रंगवले. सगळे कॅनव्हास सारखेच मोठे. शेजारी मोजक्या ओळी: कोण गेले, कधी, कुठे. कोणत्या बाजूने मारले, याचा उच्चार टाळलेला. बहुतेकांची नजर आपल्याकडे नाही, कुठेतरी पलीकडे लागलेली आहे. जवळ गेले की रंगाचे जाड थर आणि ओरखडे दिसतात, मागे सरकले की त्यांतून माणूस एकत्र येतो. राजकारण्यांची भाषणे जिथे अडतात तिथे व्यक्तिचित्र पुढे जाते, याचा इतका स्पष्ट पुरावा मला दुसरा माहीत नाही.

ब्रायन मॅग्वायर (जन्म १९५१) याहून पुढे गेले. १९९८ च्या साओ पावलो बिएनालेसाठी त्यांनी तिथल्या एका झोपडवस्तीतल्या मुलांची चित्रे काढली आणि ती त्या मुलांच्याच घरी दिली. प्रदर्शनात ठेवली ती घरात टांगलेल्या त्या चित्रांची छायाचित्रे. पुढे मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेस या शहरात खून झालेल्या मुलींची व्यक्तिचित्रे त्यांनी त्यांच्या आयांना भेटून, घरच्या फोटोंवरून रंगवली. एक प्रत कुटुंबाला, एक प्रदर्शनासाठी. वर्तमानपत्रात जी मुलगी नुसता आकडा झाली होती, ती घराच्या भिंतीवर नावासकट परत आली. चित्राचा पहिला धनी चित्रातल्या माणसाचे कुटुंब आहे, हा मॅग्वायर यांचा विचार कोणत्याही शैलीपेक्षा मोठी शिकवण देतो.

व्यक्तिचित्रांसाठी डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनात २०१४ पासून एक स्पर्धा चालते. प्रायोजक बदलले, नाव बदलले, पण तिच्यामुळे तरुणांना चेहरा रंगवण्याचे एक निमित्त कायमचे मिळाले. पहिल्या वर्षी निक मिलर विजेते ठरले. ते मॉडेल किंवा निसर्ग प्रत्यक्ष समोर ठेवूनच रंगवतात. त्यासाठी एका जुन्या ट्रकचा त्यांनी फिरता स्टुडिओ केला होता. २०२१ चा विजेता 'साल्वातोर ऑफ लुकन' हा तरुण. त्याच्या चित्रात त्याची आई घरात त्याच्यावर उपचार करते आहे, तेवढेच. भव्य काही नाही. पण घरातल्या वस्तू, अंगांची अवघड ठेवण आणि आईवरची माया यांनी तो मोठा कॅनव्हास भरून गेला आहे.

जिनीव्ह फिगिस (जन्म १९७२) यांची वाट आणखी वेगळी. त्यांनी कलाशिक्षण तिशीनंतर घेतले. सरदार घराण्यांची जुनी, दिमाखदार चित्रे त्या पातळ, वाहत्या अॅक्रिलिकमध्ये पुन्हा रंगवतात. चेहरे विरघळतात, मेजवान्या भुतांच्या होतात. समाजमाध्यमावर त्यांची चित्रे अमेरिकन कलावंत रिचर्ड प्रिन्सने पाहिली आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शन झाले. पडद्यानेही दार उघडू शकते, हे यातून दिसते. मात्र त्या स्वतः पाहत होत्या ते गोयाकडे, रोकोको चित्रकारांकडे आणि आयर्लंडच्या जमीनदारी वाड्यांच्या इतिहासाकडे.

मुलांची पुस्तके, चित्रपट, भिंती

पी. जे. लिंच यांनी ब्रिटनमधले मानाचे केट ग्रीनअवे पदक दोनदा मिळवले. बारकाव्यांनी भरलेली, जलरंगातली त्यांची माणसे जुन्या पुस्तकचित्रांच्या सुवर्णकाळाशी नाते सांगतात. २०१६ ते २०१८ या काळात ते आयर्लंडचे बालसाहित्याचे राष्ट्रीय मानकरी होते. हे पद २०१० मध्ये सुरू झाले आणि ते लेखकांइतकेच सजावटकारांनाही दिले जाते. त्यांच्याआधी नीव शार्की या चित्रकर्तीला ते मिळाले होते.

जेफर्स एकीकडे तारा पकडायला निघालेल्या, काटक्यांसारख्या पायांच्या मुलाची गोष्ट (२००४) करतात. दुसरीकडे मृत्यूचा अनुभव जवळून घेतलेल्या माणसांची वास्तवदर्शी तैलचित्रे करून ती मोजक्या लोकांसमोर रंगाच्या पेटीत अर्धी बुडवतात. त्यानंतर मूळ चेहरा कसा होता, ते फक्त पाहणाऱ्यांच्या आठवणीत उरते. डब्लिनच्या ख्रिस हॉटन यांच्या पुस्तकांत आकार अगदी साधे आणि रंग भडक असतात, पण हरवलेल्या घुबडाच्या पिल्लाची भीती डोळ्यांच्या दोन वर्तुळांत पुरती उतरते.

किलकेनीचा कार्टून सलून स्टुडिओ १९९९ चा. 'द सीक्रेट ऑफ केल्स' (२००९) या त्यांच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाने इसवी सन ८०० च्या सुमारास घडलेल्या 'बुक ऑफ केल्स' या हस्तलिखिताकडे पाहिले. ते हस्तलिखित आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. खोलीचा भास टाळून सपाट पानावर सगळे मांडायचे, झाडाच्या फांद्याही वेलबुट्टीत गुंफायच्या, हे त्यांनी तिथून घेतले. 'वुल्फवॉकर्स'मध्ये (२०२०) तटबंदीच्या शहराला लाकडी ठशांसारखी करकरीत रेषा दिली आणि रानाला मोकळी, पेन्सिलीच्या खुणा न पुसलेली रेषा. इंग्रज जेत्यांची शिस्त आणि रानाचे स्वातंत्र्य रेषेतूनच कळते.

शेवटचे उदाहरण भिंतीवरचे. २०१५ मध्ये समलिंगी विवाहावरच्या सार्वमतापूर्वी जो कॅस्लिन यांनी डब्लिनमधल्या एका इमारतीवर दोन पुरुषांच्या मिठीचे चार मजली पेन्सिलचित्र कागदावर छापून चिकटवले, आणि गॉलवे भागातल्या एका जुन्या किल्ल्यावर दोन स्त्रियांचे. किल्ल्यावरच्या चित्रामागे फ्रेडरिक विल्यम बर्टनचे 'मीटिंग ऑन द टरेट स्टेअर्स' (१८६४) हे जलरंगचित्र आहे. ताटातूट होणाऱ्या दोन प्रेमिकांचे ते चित्र २०१२ मध्ये लोकांनी आयर्लंडचे सर्वांत आवडते चित्र म्हणून निवडले होते. प्रकाशाने रंग उडू नयेत म्हणून ते आठवड्यातून थोडेच तास दाखवले जाते. बर्टनला ती कथा मिळाली एका मध्ययुगीन डॅनिश गाथेच्या भाषांतरातून, आणि भाषांतरकार होता व्हिटली स्टोक्स, जो पुढे हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेविषयक सदस्य झाला. गाथा, भाषांतर, जलरंग, किल्ल्याची भिंत: प्रेरणा अशी हातोहात पुढे जाते.

आधाराची व्यवस्था

हे सगळे नुसत्या प्रतिभेवर चाललेले नाही. १८२३ मध्ये स्थापन झालेली रॉयल हायबर्नियन अकादमी आजही वार्षिक प्रदर्शन भरवते आणि प्रत्यक्ष मॉडेलवरून रेखाटन शिकवते. १९६९ पासून कलाकृतींच्या उत्पन्नावर करसवलत आहे. १९८१ च्या 'आस्दाना' या संस्थेतल्या गरजू कलावंतांना मानधन मिळते. २०२२ मध्ये सरकारने दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देणारी किमान उत्पन्नाची योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. डब्लिनमध्ये घरभाडे आणि स्टुडिओचे भाडे इतके चढले आहे की ही मदतही अपुरी पडते. तरी एक तत्त्व मान्य झाले आहे: समोरच्या माणसाकडे महिनोन्महिने पाहायचे, तर चित्रकाराच्या हाती वेळ हवा, आणि वेळेला पैसा लागतो.

आपल्यासाठी

आयर्लंड आणि महाराष्ट्र यांचे या बाबतीत एक जुने नाते आहे. टायरोन परगण्यातल्या डंगॅनन गावी जन्मलेल्या मार्गारेट नोबल, म्हणजे भगिनी निवेदिता, यांच्या आग्रहावरून नंदलाल बोस, असित हळदार हे तरुण चित्रकार १९०९ पासूनच्या हंगामांत अजिंठ्याला गेले आणि ब्रिटिश चित्रकर्ती लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करत बसले. पुढे बोसांच्या कामात जी सहज, वाहती मानवाकृती आली, तिच्यात अजिंठ्याच्या त्या दिवसांचा मोठा वाटा आहे. मूळ स्रोतापर्यंत जाण्याचा सल्ला एका आयरिश बाईने आपल्याच चित्रकारांना आपल्याच अजिंठ्याबद्दल दिला होता.

आपल्याकडे पुस्तक आणि कॅनव्हास यांच्यातली भिंत मात्र वाढत गेली. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून उपयोजित कलेची संस्था वेगळी झाली. प्रशासनाला ते सोयीचे झाले असेल, पण 'सजावटकार' हा शब्द चित्रकारांत कमीपणाचा ठरत गेला, हे नुकसान मोठे आहे. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केले आणि मराठी घराघरांत मानवाकृतीची आवड रुजवली. रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे लोकांनी चौकटीत बसवून भिंतीवर लावली. त्यांचे काम आज संग्रहालयांतून नीट जतन करून, स्केचसकट आणि संदर्भ-छायाचित्रांसकट मांडायला हवे, जसा बेकनचा स्टुडिओ मांडला गेला. तयार मुखपृष्ठापेक्षा त्याआधीच्या दहा कच्च्या रेखाटनांतून विद्यार्थी जास्त शिकेल.

दिवाळी अंकांच्या संपादकांनी कथा सजावटकाराच्या हाती आठवडाभर आधी नव्हे, दोन महिने आधी द्यावी, आणि मोबदला त्या वेळेला साजेसा असावा. कलाशाळांनी वास्तवदर्शी चित्रांच्या नकलांपेक्षा विद्यार्थ्यांना एसटी स्टँड, ऊसतोडणीचा तळ, सरकारी दवाखाना इथे वह्या घेऊन पाठवावे, आणि काढलेले चित्र ज्याचे काढले त्याला दाखवण्याचा नियम करावा. तरुण चित्रकारांना एवढेच सांगावेसे वाटते, की आवडलेल्या प्रत्येक चित्राखाली एक प्रश्न लिहावा: हा चित्रकार कशाकडे पाहत होता? मग ती वस्तू, ते पुस्तक, तो माणूस स्वतः शोधून काढावा. डेव्हिडसन यांचा फराटा उचलणे सोपे आहे. त्यांच्यासारखे कोणा दुःखी माणसासमोर आदराने बसणे अवघड आहे, आणि चित्रातला माणूस जिवंत होतो तो त्या बसण्यामुळे.